समुद्रावरच्या पुलावर डबल घंटी

माझ्या नवऱ्याला डावीकडचं दिसत नाही, हे मला समुद्राच्या मधोमध कळलं. गाडी तेच चालवत होते. मागच्या सीटवर आमची मुलगी आणि तिची तान्ही लेक होती, चारी बाजूंना पाण्याशिवाय काही नव्हतं, आणि समोरून एक घराएवढी गाडी येत होती. आता त्याला दोन वर्षं होतील. अजूनही भाकरी थापता थापता ते आठवतं आणि माझा हात पिठात तसाच राहतो.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी सोलापूरला लाल गाडीवर कंडक्टर होते. बाईमाणसाने खांद्याला चामड्याची पिशवी अडकवून गर्दीत शिरायचं म्हणजे पहिली काही वर्षं लोक तिकिटापेक्षा माझ्याकडेच बघायचे. मग माझ्या जिभेची ओळख झाली आणि बघणं आपोआप थांबलं. आमचे हे त्याच डेपोत ड्रायव्हर. दोघांची ड्यूटी एका गाडीवर क्वचितच लागायची, पण लागली की बहुतेक अक्कलकोटची फेरी असायची. अर्धी गाडी मराठीत भांडायची, अर्धी कानडीत, आणि मी दोन्हींकडून सुटे पैसे मागत फिरायचे.

ड्रायव्हरच्या डोक्यामागे पाटी असायची, चालकाशी बोलू नये. घरी मी त्यांना बोलू द्यायचे नाही आणि गाडीत त्यांच्याशी बोलायचं नाही, असा आमचा संसार. गाडीतलं आमचं सगळं बोलणं दोरीला बांधलेल्या घंटीवर चालायचं. एक घंटी म्हणजे थांबा. दोन घंट्या म्हणजे चला. का थांबायचं, का निघायचं, हे ड्रायव्हर विचारत नाही. तो मागे वळूनही बघत नाही. त्याला पुढचं दिसतं, कंडक्टरला मागचं दिसतं, आणि एकमेकांच्या डोळ्यांवर विसंबून गाडी चालते.

गाडी मागे घेताना तर ड्रायव्हरला काहीच दिसत नाही. तेव्हा मी खाली उतरून मागच्या पत्र्यावर थापा मारत राहायचे. काही जण शिट्टी वाजवायचे, मला थापच बरी वाटायची. थाप चालू आहे तोवर जागा आहे. थाप थांबली की ब्रेक. मोहोळच्या स्टँडवर केवढी दाटी असायची, तिथे एवढी मोठी गाडी हे माझ्या हाताच्या आवाजावर वीतभर जागेत बसवायचे. चुकून कुणाला धक्का लागला असं आमच्या दोघांच्या जोडीत कधी झालं नाही. त्याची मला फार घमेंड होती, अजून आहे.

रिटायर झाल्यावर ह्यांचं काय करायचं हा प्रश्नच होता. ज्या माणसाने जन्मभर पन्नास-साठ लोकांची गाडी हलवली, त्याला नळाला पाणी आलं म्हणून बादली हलवायला सांगितली की अपमान वाटायचा. सकाळी स्कूटर काढून डेपोच्या दारातल्या चहाच्या टपरीवर जायचे आणि जुन्या मंडळींत बसायचे. त्या मंडळींचा व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप होता. त्यावर एकदा कुणीतरी व्हिडिओ टाकला. समुद्रातून जाणारा रस्ता. एक बेट, मग पूल, मग दुसरं बेट, परत पूल, अशी बेटांची माळ आणि तिच्यातून ओवलेला डांबरी रस्ता. हे दिवसभर तोच बघत बसले. मुलीचा फोन आला तेव्हा तिला दाखवला, तर ती म्हणाली, "बाबा, हा तर फ्लोरिडात हाय. आमच्या घरापासनं सकाळी निघालं तर दुपारी जेवायला पोचतो तितं."

बस्स. त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. "त्यो रस्ता मी चालवणार," एवढंच. मुलीचं पहिलं बाळ होणार होतं, आम्हाला जायचंच होतं. मी डिंकाचे लाडू, बाळाच्या टोपड्या, कडक भाकऱ्यांची चवड अशी तयारी करत होते, आणि हे आरटीओत जाऊन परदेशात गाडी चालवायचा परवाना काढून आले. मी म्हटलं, "लेकीच्या बाळंतपणाला चाललाय का ड्यूटीला?" तर म्हणाले, "दोन्हीला."

त्या दिवसांत एक गोष्ट घडत होती, ती इथेच सांगून टाकते. मी ताट वाढलं की डावीकडची शेंगाचटणी तशीच राहायची. भाजी खायचे, भाकरी खायचे, आमटी ओरपायचे, चटणीला बोट नाही. लग्नापासून माझ्या चटणीवर जगलेला माणूस! मी दुखावले. दाण्यांचा कूट जरा जाड राहिला का, तिखट बदललं का, सगळं करून बघितलं. शेवटी म्हटलं, "आवडत न्हाय तर तसं सांगा की." ते ताटाकडे बघत राहिले, मग बोटाने चाचपून चटणी घेतली आणि म्हणाले, "लई झ्याक हाय." मी दोन दिवस बोलले नाही. स्कूटर फाटकाच्या डाव्या खांबाला घासायची तेव्हाही मी ओरडलेच, "लक्ष कुटं असतं तुमचं?" लक्षाचा काही दोष नव्हता. पण हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं ना.

तर आम्ही गेलो. बाळ झालं, मुलगी. ती चांगली मान धरून हसायला लागल्यावर, आमच्या परतीच्या आधी, तो रस्ता ठरला. जावयाला सुट्टी नव्हती. मुलगी म्हणाली, "मी चालवते, मधला लांब पूल बाबा चालवतील." तिने ह्यांना आधी मोकळ्या पार्किंगमध्ये शिकवलं होतं. स्टिअरिंग डावीकडे, क्लच नाहीच. ह्यांचा डावा पाय सारखा क्लच शोधायचा आणि वळायचा दिवा लावायला गेले की काचेवरचे वायपर सुरू व्हायचे. आम्ही पोट धरून हसलो होतो. मोकळ्या मैदानात कोण समोरून येणार? कुणाला काही कळलं नाही.

पहिला धक्का मला त्या रस्त्याने दिला. इतकं पाणी! आमच्या गल्लीत नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही कधी पहाटे, कधी दुपारी. पिंप, घागरी, बाटल्या, रिकामे डबे, सगळं भरून ठेवायची सवय हाडात गेलेली. आणि इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणीच पाणी, तेही पोपटी, मग निळं, मग परत पोपटी. मी तोंडाचा आ करून बघत होते. म्हटलं, "ह्या लोकांना पाण्याची काय ददात!" मुलगी हसली. म्हणाली, "आई, हे सगळं खारं. ह्या बेटांवर प्यायचं पाणी पाईपातनं येतं, लांब मोठ्या जमिनीवरनं. ती पाईपलाईन ह्याच रस्त्याच्या कडेकडेनं हाय." मला खोटंच वाटलं. समुद्रात बसून पाईपाची वाट बघायची! आमच्या सोलापूरकरांचं नशीब एवढ्या लांब येऊन बसलंय, असं वाटलं आणि उगाच त्या लोकांबद्दल जिव्हाळा वाटला.

दुसरा धक्का शांततेचा. कुणी हॉर्नच वाजवत नाही. मला तर सारखं वाटायचं की सगळ्यांचे हॉर्न एकदम बिघडले आहेत.

लांब पुलाच्या अलीकडे मुलीने गाडी बाजूला घेतली. बाळ कुरकुरायला लागलं होतं, ती मागे बाळाशेजारी बसली. हे पुढे चाकावर आणि मी त्यांच्या उजव्या हाताला. माझ्या मांडीवर शेंगाचटणीचा स्टीलचा डबा. पिशवीत ठेवला असता तर तेल सुटून कपडे खराब झाले असते, म्हणून सबंध प्रवासात तो माझ्या मांडीवरच होता. ह्यांनी सीट पुढे-मागे केली, आरसा नीट केला, हात जोडले. मग थांबले. मला कळलं कशासाठी थांबलेत. मी डब्याच्या झाकणावर अंगठीने दोनदा वाजवलं. ठण्‌ ठण्‌. ते हसले आणि गाडी निघाली.

सोलापुरातून निघून कुंभारी येईपर्यंत संपू नये एवढा लांब तो पूल. मधोमध पिवळी रेघ, आपल्या बाजूला एक गाडी जाईल एवढा रस्ता, समोरून येणाऱ्यांना तेवढाच, आणि कडेला कमरेएवढी भिंत. उजव्या हाताला जुना पूल दिसत होता, मधेच तुटलेला, त्याच्या खांबांवर पक्षी बसलेले. हे सारखे तिकडेच बघत होते. "बघ मास्तर," ते म्हणाले. लाडात आले की ते मला मास्तर म्हणतात, गाडीतले लोक कंडक्टरला म्हणतात तसं. "बघ, डांबर पाण्यावर चाललंय."

त्यांचा चेहरा असा झाला होता की मी काही टोचून बोलले नाही. रिटायर झाल्यापासून तो चेहरा मी बघितला नव्हता.

मग गाडी पिवळ्या रेघेकडे सरकायला लागली. हळूहळू, अगदी समजणार नाही अशी. मला वाटलं, समुद्र बघण्यात लक्ष आहे. समोरून घराएवढी एक गाडी येत होती, मागे होडी जोडलेली. मी वाट बघत होते की हे आता उजवीकडे घेतील, आता घेतील. घेईनात. आमचं डावं चाक रेघेवर गेलं. तेव्हा त्या गाडीने हॉर्न वाजवला. त्या देशात मी ऐकलेला पहिला हॉर्न.

ह्यांनी गाडी उजवीकडे ओढली. कडेच्या खडबडीत पट्ट्यावर टायर घरघरले, ती मोठी गाडी आमच्या अंगावरून गेल्यासारखी गेली आणि आमची गाडी तिच्या वाऱ्याने हलली. मागून मुलगी म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काय न्हाय, वारं लागलं." मग मी ह्यांच्याकडे वळून हळूच, दात आवळून म्हटलं, "अहो, एवढी मोठी गाडी दिसली न्हाय का?"

मला वाटलं चिडतील. कुठल्याही ड्रायव्हरला हे विचारलं तर तो चिडतोच.

"न्हाय," ते म्हणाले.

"न्हाय म्हंजे?"

"डावीकडचं दिसत न्हाय मला."

"कदीपासनं?"

"वरीस झालं. डाव्या डोळ्याचं गेलंयच. उजव्याचं बी तिकडच्या अंगाचं जरा कमी झालंय."

हे सगळं ते समोर बघत, हलक्या आवाजात, जणू घरातले गहू संपल्याचं सांगावं तसं सांगत होते. एक वर्ष! एक वर्ष हा माणूस माझ्यासमोर जेवला, माझ्याशेजारी झोपला, मला स्कूटरवर बसवून बाजारात घेऊन गेला, आणि मला माहीत नाही!

सोलापूरला परतल्यावर डॉक्टरांनी सगळं उलगडून सांगितलं. काचबिंदू. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी राखायचं. हे आधीच एकटे जाऊन तपासून आले होते, बाटली संपेपर्यंत थेंबही घातले होते, मग बरं वाटलं म्हणून सोडून दिले होते. पण पुलावर मला हे काही माहीत नव्हतं. मला फक्त एवढं कळलं की हे स्वतःच्या मनात हिशोब करून बसले होते आणि तो हिशोब आपल्याकडच्या रस्त्याचा होता. आपण डाव्या बाजूने चालतो, समोरची गाडी उजव्या हाताने येते. त्यांची उजवी बाजू शाबूत होती. म्हणून तर उसाच्या ट्रॉल्या चुकवत ते स्कूटरने मोहोळपर्यंत जाऊन यायचे, फार तर डावीकडचा खांब घासायचा. इथे सगळं उलटं. समोरचा माणूस डाव्या हाताने येतो. इतकी वर्षं गाडी चालवलेल्या माणसाच्या डोक्यात हे कसं आलं नाही, असं मला सगळे विचारतात. स्टिअरिंग बदलतं हे त्यांच्या लक्षात होतं, क्लच नाही हे लक्षात होतं. डोळा बदलणार, हे नव्हतं.

थांबायला जागा नव्हती. कडेला पट्टी होती, पण अरुंद, आणि मागे गाड्यांची रांग लागलेली. मुलीला सांगितलं असतं तर ती किंचाळली असती, आणि ती किंचाळली असती तर ह्यांचे चाकावरचे हात ढिले पडले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. बाळ झोपलेलं. तिचा एक मोजा निघून पायाशी लोंबत होता, तो मला आरशात दिसत होता.

समोर लांबवर अजून एक गाडी दिसली. मी अंगठीने डब्याच्या झाकणावर वाजवायला सुरुवात केली. ठक, ठक, ठक. हळू, सारखं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पण त्यांचे खांदे खाली आले. ते मला दिसलं.

गाडी आपल्या बाजूच्या मधोमध असली की मी वाजवत राहायचं. डावीकडे सरकायला लागली की थांबायचं. मी थांबले की ते केसभर उजवीकडे घ्यायचे, मी परत सुरू करायचे. एक गाडी गेली. मग दोन गेल्या. एक फटफटीवाला गेला. मागून मुलगी म्हणाली, "आई, काय वाजवतीयास, उठंल ती." मी म्हटलं, "सवय हाय." खोटं नव्हतं.

मग चढ आला. पूल मधेच कमानीसारखा वर जातो, खालून जहाजं जावीत म्हणून. वर चढताना पलीकडचं काहीच दिसत नाही, फक्त आभाळ. पत्र्यावर थाप मारण्याचा एकच नियम आहे, जागा स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय मारायची नाही. मी कंडक्टर असताना तो कधी मोडला नाही. तिथे मोडला. मला पुढचं दिसत नव्हतं आणि मी वाजवत होते, कारण मी थांबले असते तर ते गोंधळून भिंतीला धडकले असते. माझा तळहात ओला झाला आणि अंगठी बोटात गरगर फिरायला लागली. माथ्यावर पोचलो तर समोर ट्रक. मी वाजवायचं थांबले, त्यांनी घेतलं, ट्रक गेला. मी परत वाजवायला लागले. बोट हलत होतं, बाकी माझ्यातलं काही हलत नव्हतं.

पूल संपला तिथे एक छोटं बेट होतं. वाळू, चार झाडं, गाड्या लावायला जागा. मी झाकणावर एकदाच वाजवलं, जोरात. ह्यांनी वळायचा दिवा लावायला हात घातला आणि वायपर सुरू झाले. लख्ख उन्हात, कोरड्या काचेवर ते खर्र खर्र करत फिरत राहिले. गाडी उभी राहिली. कुणी हसलं नाही.

मी मुलीला सांगितलं. ती आधी माझ्याकडे बघत राहिली, जणू मी कानडीत बोलतेय. मग तिने बाळाचा पट्टा सोडून तिला छातीशी घेतलं. झोपलेल्या लेकराला उठवून घेतलं. "बाबा," ती म्हणाली, "माझी पोरगी मागं होती की हो." एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

हे उतरले. किल्ली सीटवर ठेवली आणि पाण्याच्या काठाशी जाऊन पाठ करून उभे राहिले. मी त्यांच्यामागे गेले आणि मला जे जे येतं ते सगळं बोलले. गर्दीत फाटकी नोट खपवणाऱ्याला कधी बोलले नसेन असं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं.

"सांगितलं असतं तर तू एकच घंटी दिली असतीस," ते म्हणाले.

"दिलीच असती! शंभरदा दिली असती!"

"मग हे राहिलंच असतं की."

मला त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं, अगदी खरं सांगते, त्या पोपटी पाण्यात. आणि त्याच वेळी त्यांचा हात घट्ट धरावासा वाटला. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही. तशीच परत आले.

पुढची बेटं मुलीने चालवली. ती बापाशी बोलेना. हे मागे बसले होते, बाळाच्या उजव्या बाजूला, पण बाळाकडे बघत नव्हते. बाळाने दोनदा त्यांच्या शर्टाची बाही ओढली तरी नाही. रस्ता जिथे संपतो त्या गावात पोचलो तर रस्त्यातून कोंबड्या हिंडत होत्या. कुंभारीत हिंडतात तशा, कुणाच्या बापाला न घाबरता. एवढा समुद्र ओलांडून आलो आणि समोर कोंबडा उभा! एरवी मी त्यावर तासभर बोलले असते.

झाडाखाली बाकावर बसून आम्ही जेवलो. मी कागदाच्या ताटल्या मांडल्या, कडक भाकरी मोडून घातली, कांदा, आणि हात आपोआप डावीकडे गेला. चटणी डावीकडे. लहानपणापासून आईने शिकवलेली जागा. ह्यांनी भाकरी उचलली, कांदा उचलला, आणि बोटं ताटलीच्या डाव्या कडेवर चाचपडायला लागली. मी बघत राहिले. घरातली सगळी उरलेली चटणी मला आठवली, माझं ते दोन दिवस तोंड फिरवून बसणं आठवलं. मी त्यांची ताटली तशीच अर्धी फिरवली. चटणी उजवीकडे आली. त्यांनी ती घेतली, भाकरीला लावली आणि सगळी संपवली. मुलगी समोर बसून हे बघत होती. तिचे डोळे भरले. बाळाला पाजायला तिने तोंड वळवलं.

परत निघालो. त्याच छोट्या बेटावर मुलीने गाडी थांबवली. पुढे तोच पूल. बाळाला नीट बांधलं, पट्टे तपासले, मला पुढे बसवलं. ह्यांना मागे, उजव्या खिडकीशी. मग चाकावर बसली, इंजिन चालू केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नुसतीच बसून राहिली. मागे वळली नाही. रस्ता मोकळा होता. मला वाटलं, घाबरली असेल. मी म्हटलं, "चल की गं."

"घंटी व्हायची हाय," ती म्हणाली.

डेपोच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली पोर ती. मी डब्याकडे हात नेला, तर तिने मान हलवली. तू नको, असं. मागे काय चाललंय ते बघायला मी वळणार होते, पण वळले नाही. बराच वेळ गेला. मग तिच्या सीटच्या पाठीवर मागून बोटांनी वाजलं. एकदा. आणि जरा थांबून अजून एकदा.

तिने गाडी पुलावर घेतली. जाताना जी बाजू डाव्या हाताला होती ती आता उजव्या हाताला आली होती. तिकडे जुना पूल नव्हता, खांब नव्हते, काहीच नव्हतं, आभाळापर्यंत नुसतं निळं. मुलीने पुढूनच बटण दाबून ह्यांची काच खाली केली. वारा आत आला.

"अगं," हे मागून म्हणाले, आणि तो आवाज मी लग्नापासून कधी ऐकला नव्हता, "ह्या अंगाला बी समुद्र होता?"

"होता की, बाबा," मुलगी म्हणाली.